मुलांना लोको इआ शिकवायचं तर दारापासून सुरुवात करा

दोन वर्षांपूर्वी हवाईतल्या ओआहू बेटावर राहायला आलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या दर रविवारी दहा-बारा मराठी मुलांचा वर्ग घेतात. मुलं सहा ते बारा वर्षांची. काने-ओहेच्या उपसागरातलं हेएइआचं जुनं मत्स्यतळं मुलांना दाखवावं, जमलं तर तिथे थोडं कामही करू द्यावं असं त्यांच्या मनात आहे. विचारतात, ‘जाण्याआधी काय शिकवू? लहानांना कोणतं काम झेपेल? आणि आपण इथले नव्हे, तर आपण हे शिकवावं का?’

मी गेली चौदा वर्षं शाळेच्या मुलांना घेऊन समुद्रकाठी, ओढ्याकाठी आणि अशा तळ्यांवर जाते. तेवढ्या अनुभवावर सांगते, जाण्याआधी शक्य तितकं कमी शिकवा.

हे मी चूक करून शिकले. पहिल्या वर्षी मुलांना पाऊण तास चित्रफिती दाखवल्या. तळ्याचे प्रकार, क्षेत्रफळ, भिंतीची लांबी, सगळं. दुसऱ्या दिवशी तळ्यावर पोचलो तर एक मुलगा काठावर उभा राहून म्हणाला, ‘बाई, अठ्ठ्याऐंशी एकर कुठेयत?’ त्याला समोरचं पाणी दिसतच नव्हतं, तो माझा आकडा शोधत होता. हवाईत शिकणाऱ्याला एक जुनं वचन सांगतात. डोळ्यांनी बघ, कानांनी ऐक, तोंड मिटून ठेव, असा त्याचा अर्थ. मी ते मुलांसाठी आहे असं समजत होते. आधी ते मलाच लागू होतं.

तरी घरून एक गोष्ट शिकवून न्या. ती म्हणजे दार.

लोको इआ म्हणजे माशांचं तळं. ‘इ’ आणि ‘आ’च्या मध्ये घशात श्वास क्षणभर अडवायचा, मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर जमतं. समुद्राच्या उथळ भागात दगडी भिंत घालून पाणी वेगळं केलं की होतो लोको कुआपा, हेएइआचं तळं त्या जातीचं. याशिवाय वाळूच्या बांधाआड साठलेल्या पाण्याची तळी आहेत, गोड्या पाण्याची आहेत, अळूच्या खाचरात मासे वाढवायचीही आहेत. हो, अळूच. इथे त्याला कालो म्हणतात. आपल्या फदफद्यातलंच हे झाड, फक्त इथे पानापेक्षा कांद्याला मान जास्त. मुलांना एवढं सांगा आणि प्रकारांची यादी तिथेच सोडा.

कुआपात म्हणजे या दगडी भिंतीत ठिकठिकाणी खाचा असतात, आणि खाचेत लाकडी दांड्यांची उभी जाळी. तिला माकाहा म्हणतात. दोन दांड्यांमधली फट बोटभर. पाणी आत-बाहेर करतं. बोटाएवढी पिल्लं फटीतून आत येतात, शेवाळ खाऊन वाढतात आणि मग त्यांना बाहेर पडता येत नाही. जुन्या माकाहाला हलणारा एकही भाग नव्हता. बिजागरी नाही, उघडझाप नाही. मासा वाढतो, तेच त्याचं कुलूप.

हे समजवायला माझ्याकडे एक प्रयोग आहे, स्वयंपाकघरातल्या सामानाचा. पसरट प्लास्टिकचा टब घ्या. मध्ये मातीची किंवा कणकेची भिंत घाला, भिंतीत एक खाच ठेवा. खाचेत खराट्याचे हीर उभे रोवा, मधली फट अशी की कोरडा हरभरा जेमतेम सुटेल. टबात पाणी घाला. मुलांनी टब हळूच कलता करायचा आणि लहान बोटाने हरभरे आत ढकलायचे. मोजून वीस. मग टब तसाच झाकून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी हरभरे टम्म फुगलेले असतात. आता म्हणा, काढा बाहेर. मुलं टब कलता करतात, हलवतात, एकमेकांना ओरडतात, हरभरे दाराशी येऊन अडतात. त्यानंतर माकाहाची व्याख्या सांगावी लागत नाही. (उरलेल्या हरभऱ्यांची उसळ करू नका, मातीत लोळलेले असतात. एका आजींनी केली होती.)

या टबात एक गोष्ट खोटी आहे आणि ती मुलांना सांगायला हवी. हरभऱ्याला बाहेर जायची ओढ नसते, माशाला असते. तळ्यातला मुख्य मासा आमाआमा, म्हणजे आपल्याकडची बोय. तो समुद्रात जाऊन अंडी घालतो. दिवस भरले, की भरतीचं थंड, ताजं पाणी दारातून आत येतं तेव्हा मोठे मासे त्या प्रवाहाकडे तोंड करून दाराशी गर्दी करतात. राखणदाराने जाळं घेऊन तिथेच उभं राहायचं. हवा तेवढा मोठा मासा उचलायचा, बाकीचे ठेवायचे. तळंभर जाळं ओढायची गरज पडत नाही. ‘मासे स्वतःच येतात?’ हा प्रश्न प्रत्येक गटात कुणीतरी विचारतंच. त्या वेळी उत्तर न देता दाराशी बसवा. वीस मिनिटं, गप्प. सहा वर्षांची मुलंही बसतात, विश्वास ठेवा. पाण्यात सावल्या हलताना दिसल्या की त्यांना कुणी गप्प बसवावं लागत नाही.

माशांची नावं मात्र आधी पाठ करून घ्या, कारण त्यांत गंमत आहे. आपल्याकडे गाईचं वासरू, कालवड असं वयाप्रमाणे नाव बदलतं, तसं इथे बोयचं. पिल्लू म्हणजे पुआ, मग काहाहा, मग आमाआमा, आणि पूर्ण वाढलेला आनाए. ज्या समाजात एका माशाला वयाप्रमाणे चार नावं आहेत, तिथे किती मोठा मासा पकडायचा हे नियमाच्या आधीच भाषा सांगून टाकते. आजही इथे डिसेंबर ते मार्च या विणीच्या महिन्यांत आमाआमा पकडायला बंदी आहे. दुसरा मासा अवा, इंग्रजीत मिल्कफिश. तिसरा मोई, आपल्या रावसाचा नातलग. आणि तळ्यात शिरून बाकीच्यांना खाणारा लांब दातांचा बॅराकुडा, त्याचं नाव काकू. मराठी मुलांच्या वर्गात हे नाव सांगितल्यावर पाच मिनिटं काहीही शिकवता येत नाही. तेवढा वेळ धरूनच ठेवा. आणखी एक जोडी द्या: वाई म्हणजे गोडं पाणी, काई म्हणजे समुद्र. कृष्णाकाठचं वाई गाव ज्यांनी पाहिलंय ती मुलं हे जन्मात विसरत नाहीत. वाई आणि काई मिसळतात तिथेच माशांचं खाणं, म्हणजे शैवाल, जोमाने वाढतं. म्हणून हेएइआला काही दारं समुद्राकडे आहेत आणि काही ओढ्याकडे. तळ्याचा राखणदार खरं तर शेवाळाचा शेतकरी असतो. मासे त्या शेतात चरतात.

मोठ्या मुलांना, म्हणजे दहाच्या पुढच्यांना, इथे काम द्या. ओढ्याकडच्या दाराशी आणि समुद्राकडच्या दाराशी पाण्याचं तापमान आणि खारटपणा मोजायचा. खारटपणा मोजायचं नळकांडं तळ्याच्या लोकांकडे बहुधा मिळतं. उघड्या समुद्रात हजार भाग पाण्यात पस्तीसेक भाग मीठ असतं. तळ्यातला आकडा कमी का, पाऊस पडून गेल्यावर आणखी कमी का, हे त्यांचं त्यांना सुचू द्या. तापमानही केवळ वहीत लिहिण्यापुरतं नाही. २००९ साली हेएइआला वाढवायला ठेवलेली मोई मोठ्या संख्येने मेली. वारा पडलेला, पाणी तापलेलं, त्यातला प्राणवायू कमी झालेला. राखणदार रोज सकाळी वाऱ्याकडे बघतो तो यासाठी.

कोकणातली मुलं असतील तर त्यांच्याकडून एक तुलना काढून घेता येईल. आपल्याकडे पेण-अलिबागच्या खारबंदिस्तीला उघाड्या असतात, गोव्यात खाजनाला मानस असते. तिथेही बांध, तिथेही दार, तिथेही भरती-ओहोटी. पण मानशीचं दार भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतं, कारण आत भातशेती आहे आणि खारं पाणी नको आहे. माकाहाला खारं पाणी हवंच आहे. शिवाय हवाईत भरती-ओहोटीतला फरक जेमतेम दोन-तीन फुटांचा, मुंबईला उधाणाला तो पाच मीटरच्या आसपास जातो. इथली नुसती जाळी तिथे टिकणार नाही. ‘आपल्या पूर्वजांनी असं तळं का नाही बांधलं?’ असं एका मुलीने विचारलं होतं. उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आता भिंत. हेएइआची भिंत सुमारे दोन किलोमीटर लांब आहे आणि तळ्याला पूर्ण वेढा घालते. बाकीच्या बऱ्याच तळ्यांची भिंत किनाऱ्यापासून निघून अर्धवर्तुळ करून किनाऱ्यालाच परत लागते. बाहेरून-आतून काळ्या दगडाचे दोन थर, मध्ये प्रवाळाची भर. चुना नाही, सिमेंट नाही. कोकणात याला गडगा म्हणतात, फक्त हा गडगा समुद्रात उभा आहे आणि सहा-आठशे वर्षांचा आहे. सिमेंट का नको, हे मुलं नक्की विचारतील. दगडांच्या फटींतून पाणी झिरपतं, लाटेचा जोर तिथे जिरतो. आणि पाण्यातलं चुनखडी धरणारं शैवाल हळूहळू दगडांना दगड जोडत जातं. भिंत स्वतःलाच सांधते म्हणा ना.

१९६५च्या मे महिन्यात ओढ्याला मोठा पूर आला आणि भिंतीला भगदाड पडलं, सुमारे दोनशे फुटांचं. तळ्याची ती बाजू उघडीच पडली. २००१ साली काही तरुण मंडळींनी पाएपाए ओ हेएइआ ही संस्था काढली आणि डागडुजी सुरू केली. भगदाड बुजवायच्या मोहिमेचं नाव होतं ‘पानी का पुका’. हिंदी येणारी मुलं हे ऐकून ‘पानी का काय?’ विचारतात. हवाईच्या भाषेत पानी म्हणजे बंद करणं, पुका म्हणजे भोक. भोक बुजवा! २०१५च्या डिसेंबरमध्ये ते बुजलं. पन्नास वर्षं उघडं राहिलेलं भगदाड, आणि त्यात हाताहाताने पोचवलेले दगड. ही गोष्ट मी मुलांना तळ्यावरच सांगते, त्या जागेवर उभं करून. वर्गात सांगितली तर ती बातमी होते.

कामाचं म्हणाल तर लहान मुलांना तीन कामं झेपतात.

पहिलं, दगडांची रांग. मोठे दगड मोठ्यांनी हलवायचे. मधली भर घालायला लागणारे मुठीएवढे दगड आणि प्रवाळाचे तुकडे बादलीतून हातोहात पुढे. कुठला दगड कुठे बसेल हे तळ्याचे लोक ठरवतील, आपण नाही. पायाचा दगड लांब अंग आत करून बसवतात, त्याला नीहो म्हणतात, म्हणजे दात. एका सातवीतल्या मुलाने सकाळभर एकच नीहो बसवला. काढला, फिरवला, पुन्हा लावला. त्याच्या आईला वाटलं वेळ फुकट गेला. तो दगड अजून तिथे आहे, आणि तो मुलगा आता स्वतः गट घेऊन येतो.

दुसरं, शेवाळ काढणं. बाहेरून आणलेलं एक जाडसर, काटक्यांसारखं शेवाळ तळी भरून टाकतं, इथे त्याला गोरिला ओगो म्हणतात. संशोधनासाठी १९७०च्या दशकात ते या भागात आणलं आणि पसरलं. मुलांना हे काम फार आवडतं, कारण हातात भरपूर येतं. पण एक गोष्ट आधी बजावा: तोडलेला एकही तुकडा पाण्यात परत टाकायचा नाही. नखाएवढ्या तुकड्यातूनही ते पुन्हा वाढतं. उत्साहाच्या भरात पोरं उपटतात आणि निम्मं मागे सोडतात, तेव्हा आपण शेवाळ काढत नसून लावत असतो. काठावर गोणी धरून एक मोठं माणूस उभं ठेवा. गोळा झालेलं शेतात खत म्हणून जातं.

तिसरं काम मराठी मुलांना सगळ्यात अवघड पडतं, ते म्हणजे खारफुटीची रोपं उपटणं. ही मुलं ‘कांदळवन वाचवा’ची चित्रं काढून आलेली असतात. मुंबई-ठाण्याहून आलेल्या एका मुलीने हात मागे घेऊन सरळ नकार दिला होता, आणि तिचं म्हणणं तिच्या जागी बरोबरच होतं. खारफुटी हवाईची नाही. १९०२ साली मोलोकाई बेटावर एका साखर कंपनीने चिखल धरून ठेवायला लाल खारफुटी आणून लावली. इथे तिला आवरणारं काही नव्हतं. तिची मुळं कुआपाच्या सांध्यांत शिरून दगड सुटे करतात, दारं बुजवतात, तळं दलदल होतं. काउआई बेटावरच्या अलेकोको तळ्यात तर सव्वीस एकरांवरची खारफुटी लोकांनी हातांनी आणि यंत्रांनी काढली. खारफुटी ठाण्याच्या खाडीत राखणदार आणि इथे चोर. हे मुलांना सोपं करून सांगायच्या भानगडीत पडू नका. त्यांना घोळवू द्या. त्या मुलीने शेवटी विचारलं, ‘मग ठाण्याला आपण बाहेरून काय आणलंय?’ त्या दिवशीचा धडा तिने घेतला, मी ऐकला.

आणि खिसे तपासा. खारफुटीची लांब शेंगेसारखी रोपं दिसायला छान असतात. आमच्या गटातल्या एकाने दोन घरी नेऊन कुंडीत लावली होती. दोन महिन्यांनी त्याच्या बाबांनी कौतुकाने फोटो पाठवला तेव्हा मला कळलं.

इतिहास सांगताना गोड करून सांगू नका. ‘पूर्वी सगळे निसर्गाशी एकरूप होते’ हे वाक्य मी माझ्या वर्गातून काढून टाकलंय. ही तळी सरदारांची होती, त्यांतले चांगले मासे त्यांच्या पानात जात, आणि दगड वाहणारे साधे लोक होते. नियम कडक होते. त्याच कडकपणामुळे तळी टिकली हेही खरं. १७७८ नंतर बाहेरून आलेल्या रोगांनी माणसं गेली, मग जमिनीची मालकी बदलली, ओढ्यांचं पाणी उसाकडे वळलं, तळी बुजवून घरं झाली. १९०१ साली नव्व्याण्णव तळी चालू होती आणि त्यांतून वर्षाला सुमारे ६ लाख ८० हजार पौंड मासे निघत होते. १९९०च्या पाहणीत जुन्या तळ्यांच्या ४८८ जागा नोंदल्या गेल्या, बहुतेक मोडलेल्या. ओआहूवरचं सगळ्यात मोठं, ५२३ एकरांचं तळं आज हवाई काई नावाची वसाहत आहे. तुमच्या वर्गातलं कुणी तिथे राहत असेल तर त्याला सांगा, तुझ्या घरामागचं ते पाणी म्हणजे तळ्याचं उरलेलं अंग.

आता तिसरा प्रश्न. तो विचारलात हे बरं केलंत. आपण पाणी, मासे, भरती, दगड, काम शिकवू शकतो. तळ्याची कथा आणि मंत्र शिकवायचे ते त्या लोकांनीच. आत शिरताना ते परवानगी मागणारं गाणं म्हणतात. तुमच्या मुलांनी ते पाठ करून म्हणून दाखवायची गरज नाही. दारात थांबायचं, टोपी काढायची, आतून ‘या’ येईपर्यंत गप्प राहायचं. हेएइआच्या तळ्याची एक रक्षक आहे, मेहेआनू, पाण्यात राहणारी. काठावरच्या हाऊ झाडाची पानं पिवळी दिसली की ती घरी आहे असं मानतात. तिची गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकू द्या, आणि लगेच ‘म्हणजे आपली जलदेवता’ असं म्हणू नका. एक शब्द मात्र आपल्याकडून देता येतो. तळं सांभाळणाऱ्या माणसाला आणि मेहेआनूसारख्या शक्तीला इथे एकच शब्द आहे, किआइ. कोकणातल्या मुलाला विचारा, शेताची राखण करणाऱ्याला आणि गावच्या वेशीवरच्याला आपण काय म्हणतो? राखणदार. मी हे एका किआइना सांगितलं तेव्हा त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.

जायचा दिवस ठरवताना चंद्र बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, दाराशी हालचाल जास्त दिसते. अष्टमीला भांग असतो, पाणी फार चढत-उतरत नाही. भिंतीचं काम ओहोटीला, दार बघायचं भरतीला, म्हणून दोन्ही एका सकाळीत बसतील असा दिवस आधी संस्थेला विचारून घ्या. भारतातलं पंचांग वापरत असाल तर आपण साडेपंधरा तास मागे आहोत हे धरा, आणि वेळेसाठी इथलंच भरती-ओहोटीचं कोष्टक. हवाईतही महिन्याच्या तीस रात्रींना तीस नावं आहेत, दहा-दहाचे तीन भाग करून. पहिली हिलो, शेवटची मुकू. मुलांना आपल्या तिथींशी जुळवू द्या, दोन वह्या शेजारी ठेवून.

बंद बूट हवेत, चपला चिखलात राहून जातात. अंगावर उघडी जखम असेल त्या मुलाला पाण्यात उतरवू नका, ओढ्याच्या पाण्यातून संसर्ग होतो. अंगभर कपडे घाला म्हणजे उन्हासाठीची मलमं कमी लागतील. प्रवाळाला घातक अशा दोन रसायनांच्या मलमांची विक्री इथे २०२१पासून बंद आहे, भारतातून आणलेली ट्यूब तपासून घ्या. डब्यात थालीपीठ चालेल, पण पाण्यात काही टाकायचं नाही.

आणि पहिल्या भेटीतच दुसरी तारीख घेऊन या, तीन-चार महिन्यांनंतरची. मुलं आपण ठेवलेला दगड शोधत येतात. तो सापडला नाही तर राखणदाराला विचारतात, आणि राखणदार त्यांना नावाने ओळखतो.